एका ओढीत उघडणारी घडी

औषधाच्या खोक्यात एक पातळ कागद असतो. आला तेव्हा बोटाएवढा. कुतूहल म्हणून उघडला की अर्धं टेबल व्यापतो आणि मग काही केल्या परत खोक्यात जात नाही. मी दर वेळी प्रामाणिकपणे प्रयत्न करते. घड्यांच्या रेघा कागदावर उमटलेल्याच असतात, नवीन काही शोधायचं नसतं. तरी तिसऱ्या-चौथ्या घडीला कागद फुगतो, एक कोपरा बाहेर डोकावतो, आणि शेवटी ते पुडकं रबरबँड लावून खोक्याशेजारी ठेवून द्यावं लागतं.

यात माझा वेंधळेपणा थोडा आणि गणित जास्त. कागदावर सात रेघा असल्या तर प्रत्येकीवर पुढे दुमडायचं की मागे, एवढ्या एका प्रश्नाचेच 128 पर्याय होतात. आधी कुठली रेघ आणि मग कुठली, हा घोळ त्यावर आणखी. म्हणजे घडी घालणारं यंत्र एकच वाट चालून गेलेलं असतं, आणि आपण त्याच वाटेने उलटं परतायला निघालो की पावलोपावली फाटे फुटतात.

घडी म्हणजे जागा वाचवायची युक्ती, असं आपण धरून चालतो. पण तिचा खरा कस लागतो तो उलगडताना. बंद करायला कितीही वेळ असतो. उघडताना मात्र पुष्कळदा एकच संधी असते, तीही अशा ठिकाणी जिथे हात पोचत नाही. म्हणून गेली पन्नासेक वर्षं ओरिगामी करणारे, गणिती, कीटकांचे अभ्यासक आणि अवकाशयानं बांधणारे इंजिनियर असे एरवी एकमेकांच्या वाटेलाही न जाणारे लोक एकाच प्रश्नाभोवती घुटमळताहेत: घडी अशी घालता येईल का, की उलगडताना चुकायला वावच राहू नये?

येतं तसं करता. त्यातली सर्वांत प्रसिद्ध घडी सापडली ती चेपलेल्या डब्यात.

पातळ पत्र्याचा गोल डबा वरून सरळ दाबला तर तो वेडावाकडा चुरगळेल असं वाटतं. प्रत्यक्षात, दाब नीट सरळ पडला तर पत्र्यावर शिस्तीत चौकटी उमटतात, पत्त्यातल्या चौकटच्या ठशासारख्या. योशिमुरा या जपानी अभियंत्याने 1950च्या दशकात हा आकृतिबंध अभ्यासला. विमानाचं आणि रॉकेटचं अंग असंच पातळ आणि गोल असतं, त्यामुळे ते कसं चेपतं हा प्रश्न जीवनमरणाचा होता. पुढे कोर्यो मिउरा या जपानी अवकाशशास्त्रज्ञाने तोच प्रश्न सपाट कागदाला विचारला. मोठा थोरला पातळ कागद चारही बाजूंनी सारखाच आत दाबला, तर तो सर्वांत कमी त्रासात कसा आकसेल? उत्तर निघालं एका आडव्या-उभ्या नागमोडी नक्षीचं, एकसारख्या समांतरभुज चौकोनांची. जग तिला मिउरा घडी म्हणतं. चेपण्याला दोष न मानता तीच युक्ती समजणं, हे मला त्यात सर्वांत आवडलेलं.

ही घडी वाचून कळत नाही, हाताने करावी लागते. एक आयताकृती कागद घ्या. लांबीच्या दिशेने पंख्यासारख्या पाच पट्ट्या पाडा, एक घडी पुढे, एक मागे. हातात लांब पट्टी उरेल. आता ती आडवी दुमडायची, पण काटकोनात नाही, जराशी तिरकी, इतकीच की वरचा भाग खालच्यावर तंतोतंत न बसता थोडा बाजूला सरकेल. पुढची घडी उलट अंगाला, अशी की पट्टी पुन्हा पहिल्या दिशेला समांतर होईल. असं टोकापर्यंत. मग सगळा कागद उघडा. एका दिशेला सरळ रेघा दिसतील, दुसऱ्या दिशेला नागमोडी.

आता किचकट भाग. घडीची रेघ दोनच प्रकारची असते: आपल्याकडे उंचावलेली ती डोंगर, खाली गेलेली ती दरी. कागद उलटा केला की डोंगराची दरी होते, त्यामुळे बाजू एकदा ठरवून घ्या. प्रत्येक नागमोडी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जातीची करायची, एक अख्खी डोंगर, तिच्या शेजारची अख्खी दरी. बोटांच्या चिमटीने एकेक तुकडा वळवत जावं लागतं, आणि सुरुवातीला कागद चांगलाच हट्ट करतो. मग एका क्षणी तो ऐकतो. सरळ रेघांवरचे तुकडे आपोआप आलटून-पालटून डोंगर-दरी होतात, अख्खा कागद एकदम गोळा होऊन तळहातावर बसतो. समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा: दोन्ही अंगांनी एकाच वेळी उघडतो. ढकला: दोन्ही अंगांनी मिटतो. मधल्या कुठल्याही घडीला वेगळं काही ठरवायची मुभा नाही.

ती मुभा गेली कुठे? साध्या आडव्या-उभ्या घड्यांमध्ये दोन दिशा एकमेकींपासून स्वतंत्र असतात, उलट एकमेकींना अडवतात. पन्हळी पत्रा आठवा. पन्हळीच्या दिशेने तो सहज मिटतो, पण पन्हळींना आडवा वाकवायला गेलात तर हाडासारखा ताठ. म्हणून औषधाचा कागद आधी एका दिशेने पूर्ण सपाट झाल्याशिवाय दुसऱ्या दिशेने उघडत नाही. मिउरा घडीत रेघा तिरक्या असल्यामुळे एका चौकोनाचा कोन बदलला की शेजारच्यालाही बदलावाच लागतो, त्याने त्याच्या शेजारच्याला ढकललेलं असतं, आणि अशी साखळी कागदभर पसरते. शेकडो रेघा, पण हालचाल एकच. रबर एकीकडून ओढलं की दुसरीकडून बारीक होतं. हा कागद एकीकडून ओढला की दुसरीकडूनही रुंदावतो.

अवकाशात नेमकं हेच हवं असतं. रॉकेटच्या टोकात जागा थोडी, आणि यानाला सौरपत्रे हवेत मोठाले. प्रत्येक सांध्याला वेगळी मोटर बसवली तर जितके सांधे तितक्या बिघडण्याच्या जागा. 1995 साली जपानने सोडलेल्या स्पेस फ्लायर युनिट या यानावर मिउरा घडीचा पत्रा प्रयोग म्हणून नेला होता, आणि तो वर उलगडला. गंमत याच यानाच्या मुख्य सौरपंखांची. 1996च्या जानेवारीत एंडेव्हर हे शटल यानाला परत आणायला गेलं. पंख मिटून घ्यायचे होते. मिटले, पण नीट जागेवर बसल्याची खूण संवेदकांकडून येईना. शेवटी दोन्ही पंख अवकाशातच सोडून द्यावे लागले आणि उरलेलं यान तेवढं घरी आलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझं रबरबँड लावलेलं पुडकं आठवलं.

मघाच्या कागदाकडे परत येऊ, कारण त्यात अजून एक गोष्ट लपलेली आहे. कागदाच्या मधल्या कुठल्याही बिंदूवर बोट ठेवा, जिथे चार रेघा भेटतात. मोजा. तीन एका जातीच्या आणि एक दुसऱ्या जातीची निघेल. दुसरा बिंदू घ्या, तेच. कागदाची चिमणी, होडी, काहीही करा. कागद सपाट दुमडला जात असेल, तर आतल्या कुठल्याही बिंदूपाशी डोंगर आणि दऱ्या यांच्या संख्येत फरक नेहमी दोनाचाच असतो. या नियमाला जुन माएकावा या जपानी ओरिगामीकाराचं नाव आहे.

कारण पाहायचं तर एक मुंगी हवी. सपाट दुमडलेल्या कागदावर ती त्या बिंदूभोवती फेरी मारते आहे असं समजा. प्रत्येक घडीपाशी तिला मागे वळावं लागतं, अर्धं वर्तुळ: डोंगर आला की एका अंगाला, दरी आली की विरुद्ध अंगाला. उजवी-डावी वळणं एकमेकांना खोडत जातात. पण फेरी पुरी करून ती निघाल्या जागी आली, म्हणजे एकूण हिशेबात ती एक पूर्ण गिरकी फिरलेली असणार. पूर्ण गिरकी म्हणजे दोन अर्ध्या. तेवढेच दोन शिल्लक राहतात. झाली सिद्धता. शाळेत भूमिती अशी शिकवली असती तर, असा एक उगाचचा विचार मनात येऊन गेला.

कोनांनाही असाच नियम आहे: बिंदूभोवतीचे कोन एक सोडून एक घेतले तर त्यांची बेरीज 180 अंश भरली पाहिजे, नाहीतर कागद सपाट बसणारच नाही. हा कावासाकी या जपानी ओरिगामीकार-गणितज्ञाचा. दोन्ही नियम एका बिंदूपुरते आहेत. बिंदू शेकडो झाले की प्रश्न एकदम हाताबाहेर जातो. रेघांची एखादी नक्षी दिली, तर ती सपाट दुमडली जाईल की नाही हे सांगणं सर्वसाधारणपणे संगणकालाही अतिकठीण वर्गात मोडतं, हे 1996 साली सिद्ध झालं. औषधाच्या कागदापुढे हात टेकल्याची लाज मला तेव्हापासून वाटत नाही.

एवढ्या अवघड प्रांतात कलाकार मात्र गणितज्ञांची वाट बघत थांबले नव्हते. ओरिगामीचा कडक नियम असा: एक चौकोनी कागद, कात्री नाही, गोंद नाही. या नियमात बगळा करणं जुनंच. बगळ्याला चार टोकं लागतात, मान, शेपूट आणि दोन पंख, आणि चौकोनाला कोपरेही चारच. हिशेब जुळतो. पण कोळी करायचा तर पाय आठ. कोपरे आणायचे कुठून?

रॉबर्ट लँग हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ लेझरवर काम करायचे आणि उरलेल्या वेळात कागद दुमडायचे. त्यांनी, आणि स्वतंत्रपणे जपानमध्ये तोशियुकी मेगुरो यांनी, हा प्रश्न उलटा धरला. पाय म्हणजे कागदाचं एक लांबट टोक. त्या टोकाच्या जागी कागदावर एक बिंदू मांडा. टोक जेवढं लांब हवं तेवढ्या अंतरातला सगळा कागद त्या एका पायात खर्ची पडतो, म्हणजे बिंदूभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ राखून ठेवावं लागतं. बिंदू कागदाच्या मधोमध असेल तर अख्खं वर्तुळ जातं. कडेला असेल तर अर्धंच, कोपऱ्यात असेल तर चतकोर. कोपऱ्याचं टोक सर्वांत स्वस्त का पडतं, बगळा इतका सुटसुटीत का होतो, हे लगेच कळतं.

आणि मग किडा करणं म्हणजे चौकोनात वर्तुळं बसवणं: लांब पायांसाठी मोठी, मिशांसाठी लहान, एकमेकांवर न चढता. वर्तुळं जागेवर बसली की त्यांच्यामधल्या रेघा गणिताने काढता येतात. लँगनी त्यासाठी ट्रीमेकर नावाचा संगणक प्रोग्रॅमच लिहिला. 1990च्या दशकात कागदाचे किडे करणाऱ्यांत अक्षरशः चढाओढ लागली होती. एकाने सहा पायांचा केला की दुसरा पंख पसरलेला करणार, तिसरा शिंगं काढणार. 2001 साली लँगनी नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ कागद दुमडायला लागले. वेडेपणा वाटेल. पण मोटारीतल्या एअरबॅगची पिशवी सपाट कशी घडी होते, याचं संगणकावर चित्र उभं करायचं काम एका जर्मन कंपनीकडे होतं, आणि त्यासाठी लागणारी रीत निघाली ती लँगच्या किड्यांमधून. एअरबॅगला उघडायला सेकंदाच्या काही शतांश भागांपेक्षा जास्त वेळ नसतो. तिथे घडी अडकून चालत नाही.

कागदी किड्यांवरून खऱ्या किड्यांकडे वळायला हवं, कारण ते या बाबतीत फार पुढे आहेत.

लेडीबर्ड, म्हणजे पाठीवर काळे ठिपके असलेला तो लाल ढालकिडा, सगळ्यांच्या ओळखीचा. लाल कवच म्हणजे त्याचे पुढचे पंख, ते उडायच्या कामाचे नाहीत. उडायचे पंख त्याखाली घडी करून ठेवलेले असतात, आणि उघडले की कवचापेक्षा बरेच लांब भरतात. उघडायला साधारण दशांश सेकंद लागतो. मिटायला मात्र त्याला दोनेक सेकंद खटपट करावी लागते, आणि अडचण अशी की तो आधी कवच बंद करतो आणि मग त्याखाली पंख आत ओढतो. म्हणजे खरी जादू बंद पडद्याआड चालते.

2017 साली काझुया साइतो आणि टोकियो विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर फार साधा उपाय केला: कवचाला खिडकी पाडायची. त्यांनी कवचाचा काही भाग काढला आणि त्या जागी पारदर्शक तुकडा बसवला. तुकडा कशाचा, तर अतिनील प्रकाशात कडक होणाऱ्या, नखांवर नक्षी काढायला वापरतात त्या राळेचा. किड्याला त्याचं काही वाटलं नाही. तो उडाला, उतरला, कवच मिटलं आणि कॅमेऱ्यासमोर पंख दुमडायला लागला. दिसलं ते असं: पोटाचा शेवटचा भाग वर-खाली हलवत तो पंखांना थोडं थोडं आत घासत नेतो, आणि कवचाची आतली बाजू पंखाला रेघेवर धरून ठेवते. हात नसल्यावर पोटाने घडी घालावी, तशातला प्रकार.

उघडणं इतकं झटपट का, याचं उत्तर शिरांमध्ये आहे. पंखाच्या जाड शिरा नळीसारख्या गोल नाहीत, त्यांचा छेद किंचित वक्र आहे, सुताराच्या पोलादी मोजपट्टीसारखा. ती पट्टी बाहेर काढली की ताठ उभी राहते, डबीत गुंडाळली जाते, आणि दुमडून सोडली की फटकन सरळ होते. पंखाच्या शिराही दुमडताना तशीच ताकद साठवून ठेवतात. किड्याला उघडण्यासाठी विशेष काही करावंच लागत नाही. अडवून धरलेलं सोडून द्यायचं, एवढंच.

इयरविग नावाच्या, शेपटीला चिमटा असलेल्या किड्याने तर ओरिगामीचे नियमच धाब्यावर बसवले आहेत. त्याचा पंख उघडला की मिटलेल्या आकाराच्या दहा पटींहून मोठा होतो. पण त्या पंखावरच्या रेघांचे कोन मोजले तर हिशेब जुळत नाही. ताठ कागदावर त्या रेघा आखल्या तर घडी पडतच नाही. 2018 साली झुरिचच्या ईटीएच आणि अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी यातली मेख दाखवली: या पंखाच्या घड्या ताणतात. रेघांच्या जागी रेझिलिन हे रबरासारखं प्रथिन असतं. गणितात रेघ म्हणजे बिजागरी. इथे ती बिजागरीही आहे आणि स्प्रिंगही. परिणाम असा की पंख उघडा असला की उघडाच राहतो, मिटला की मिटलेला, आणि मधल्या अवस्थेत टिकत नाही. केसांच्या टिकटॉक पिनेसारखं. उडताना पंख ताठ ठेवायला स्नायूंना बळ खर्च करावं लागत नाही. कोन चुकीचे म्हणून घडी अशक्य, हे आपलं म्हणणं; किड्याने कोन तसेच ठेवले आणि कागद बदलला.

झाडंही यात आहेत. हॉर्नबीम आणि बीच या झाडांची कोवळी पानं कळीतून बाहेर येतात तेव्हा पन्हळीसारखी दुमडलेली असतात, शिरा म्हणजेच घडीच्या रेघा, आणि मधल्या शिरेपाशी त्या जशा भेटतात ते पाहून मिउरा घडीचीच आठवण होते. अभ्यासकांनी 1990च्या दशकात हे कोन मोजून ठेवले आहेत.

आता एक कोडं, ज्याने मला आठवडाभर झोपू दिलं नाही म्हटलं तरी चालेल. 1920च्या दशकाच्या शेवटी जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत योझेफ आल्बर्स विद्यार्थ्यांना कोरा कागद द्यायचे आणि सांगायचे, याच्याकडून काहीतरी काढून घ्या. त्या वर्गातून एक आकार पुढे आला. गोल कागदावर एकात एक वर्तुळं आखा, मधोमध भोक पाडा, आणि एक वर्तुळ डोंगर, एक दरी असं दुमडत जा. कागद सपाट राहायला नकार देतो आणि आपला आपण खोगिरासारखा वळतो. चौकोनी कागदावर एकात एक चौकोन आखून, कर्णांवरही घड्या घालून केलं तरी तसंच सुंदर खोगीर होतं. ओरिगामीवाल्यांमध्ये हा चौकोनी प्रकार लोकप्रिय आहे, कुणीही तासाभरात करू शकतं.

2009 साली संगणकशास्त्रज्ञ एरिक डिमेन, त्यांचे वडील मार्टिन आणि सहकारी यांनी सिद्ध केलं की हा चौकोनी आकार अस्तित्वातच नाही. म्हणजे आखलेल्या रेघांवरच दुमडला आणि मधला कागद न ताणता, न मोडता राहिला, तर असा आकार गणिताने अशक्य आहे. मग आपल्या हातात जे असतं ते काय? कागद गुपचूप लबाडी करतो. दोन रेघांच्या मधल्या जागेत तो डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा बारीक जास्तीच्या मोडी स्वतःच घालून घेतो. त्या रेघा मुद्दाम आखल्या तर आकार शक्य होतो, हेही त्यांनी दाखवलं. मी केलेलं खोगीर दिव्यासमोर तिरकं धरून बघितलं; एका पट्टीवर कर्णासारखी एक पुसट चमक दिसली, तीच असावी. गोल वर्तुळांच्या कागदाला मात्र हा आक्षेप लागू झालेला नाही, आणि याच बापलेकांनी केलेली अशी वक्र घड्यांची कागदी शिल्पं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात, मोमामध्ये, आहेत. वक्र घड्यांवर त्याआधी ज्यांनी वर्षानुवर्षं एकट्याने काम केलं ते डेव्हिड हफमन, म्हणजे संगणकावरच्या झिप फाइली ज्यांच्या संकेतपद्धतीचा आधार घेतात तेच. तिकडेही जागा वाचवणं, इकडेही.

कागदाचं गणित करताना जाडी शून्य धरतात. हे सोयीचं खोटं आहे. 0.1 मिलिमीटरचा कागद दर वेळी अर्ध्यात दुमडला तर दहाव्या घडीला तो दहा सेंटीमीटर जाड होतो, आणि 42 वेळा दुमडता आला असता तर चंद्राच्या पलीकडे गेला असता. म्हणून सात-आठ घड्यांनंतर हात टेकावे लागतात. ब्रिटनी गॅलिव्हन या अमेरिकन शाळकरी मुलीने 2002 साली बाराशे मीटरच्या आसपास लांबीचा टॉयलेट पेपर घेऊन तो बारा वेळा दुमडला, आणि किती घड्यांना किती लांबी लागते याचं सूत्रही मांडलं. कागदाचं हे असं, तर धातूच्या जाड पट्ट्यांचं काय होत असेल. तिथे बिजागऱ्या एकाच पातळीवर ठेवून चालत नाही, वर-खाली सरकवाव्या लागतात, आणि तसं करूनही पूर्वीसारखी एकच हालचाल शिल्लक राहावी यासाठीचं नीट गणित 2015 मध्ये कुठे पुढे आलं.

या सगळ्याची सर्वांत महागडी परीक्षा 2021च्या नाताळच्या दिवशी सुरू झाली. जेम्स वेब दुर्बिणीचा आरसा 6.5 मीटर व्यासाचा आणि रॉकेटच्या टोकातली जागा साडेचार मीटरच्या आसपास. आरसा 18 षटकोनी तुकड्यांचा होता, दोन्ही बाजूंचे तीन-तीन तुकडे घडीच्या टेबलाच्या फळ्यांसारखे मागे दुमडले, काम झालं. आरशाबद्दल कुणाला फारशी धास्ती नव्हती. धास्ती होती ती ऊन अडवणाऱ्या पडद्याची. टेनिसच्या मैदानाएवढा पडदा, पाच थरांचा. उन्हाकडचा थर 0.05 मिलिमीटर जाड, बाकीचे त्याच्याही निम्मे, म्हणजे कागदाच्या चौथ्या हिश्शाएवढे. ताठ पत्र्याला घडीची रेघ असते, तो रेघेवरच वळतो. इतका पातळ पडदा वाटेल तिथे वळतो, अडकतो, स्वतःलाच गुंडाळून घेतो. जमिनीवरच्या चाचण्यांत तो फाटलाही होता. उड्डाणाच्या वेळी त्याला दाबून ठेवायला 107 खिळे होते, आणि त्यातला प्रत्येक वेळेवर सुटणं भाग होतं. दुरुस्तीला कुणी जाणार नव्हतं, दुर्बीण पंधरा लाख किलोमीटरवर निघालेली. 4 जानेवारी 2022ला पाचही थर ताणून झाले. एखाद्या घडीसाठी इतकी माणसं श्वास रोखून बसल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

शरीराच्या आतही अशीच हात न पोचणारी ठिकाणं आहेत. ऑक्सफर्डमध्ये झोंग यू आणि काओरी कुरिबायाशी यांनी रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटसाठी घडीची नक्षी वापरून पाहिली: बारीक होऊन आत जायचं, जागेवर पोचल्यावर फुगायचं. 2016 साली एमआयटीत डॅनिएला रुस यांच्या चमूने डुकराच्या आतड्याच्या पातळ आवरणापासून घडीचा एक इवलासा यंत्रमानव केला. तो बर्फाच्या गोळीत गोठवायचा. बर्फ वितळला की तो उलगडतो आणि बाहेरून चुंबकाने चालवला जातो. लहान मुलं गिळतात ती बटणासारखी बॅटरी जठरातून हलवायची, ही त्यामागची कल्पना. प्रयोग कृत्रिम जठरात झाला. आणि स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांचा फोल्डस्कोप तर अनेकांनी हातात घेतला असेल: जाड कागद रेघांवर दुमडत गेलं की 140 पट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक तयार. तिथे घडीचं काम जागा वाचवणं नाहीच. भिंग आणि नमुना अचूक समोरासमोर आणणं हे एरवी महागड्या पोलादी स्क्रूंचं काम, ते कागदाच्या घड्या करतात.

हे सगळं वाचून झाल्यावर मी तो औषधाचा कागद पुन्हा बाहेर काढला. इस्त्री फिरवून जुन्या रेघा जमतील तेवढ्या घालवल्या, पट्टी-पेन्सिलीने तिरक्या रेघा आखल्या आणि बसून त्याची मिउरा घडी केली. तास गेला. आता दोन कोपरे धरून ओढला की कागद एका झटक्यात उघडतो, आणि सोडला की अर्धाअधिक आपणहून मिटतो. फक्त तिरक्या घड्यांमुळे थर एकावर एक न बसता बाजूला सरकतात, त्यामुळे पुडकं पहिल्यापेक्षा बोटभर जास्त रुंद झालं आहे आणि खोक्यात जात नाही.